जुने खून, नवं विज्ञान आणि तालुक्याचा डॉक्टर



जून महिना आला की दवाखान्यात ताप-सर्दीच्या जोडीला आणखी एक गर्दी असते, ती म्हणजे फिटनेस सर्टिफिकेटवाल्या मुलामुलींची. बारावी झालेली असते, पुण्या-मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो, आणि फॉर्मवर डॉक्टरची सही हवी असते. यंदा अशीच एक मुलगी आजीला घेऊन आली होती. पुण्याला कला शाखेत निघालीय. मी रक्तदाब मोजत होतो तेवढ्यात आजी म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला, रात्रीचं बाहेर पडू नको म्हणून. तिकडे त्या जक्कलचं झालं होतं ना!"

मुलगी हसली. "आजी, ते किती जुनं! आता डीएनए असतो. एक केस मिळाला तरी खुनी सापडतो."

आजींना १९७६ आठवत होतं. नातीला मोबाईलवरच्या मालिका आठवत होत्या. दोघी आपापल्या परीनं बरोबर होत्या, आणि दोघींच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली होती. आजचा लेख त्याच गोष्टीबद्दल आहे. नेहमीप्रमाणे साखर, रक्तदाब, गुडघे नाहीत. पण विषय वैद्यकीयच आहे, आणि माझ्या मते आपल्यासारख्या समुद्रकाठच्या तालुक्याला फार जवळचा आहे.

पुण्यात काय घडलं होतं

चाळिशीच्या आतल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी काही मुलं होती. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आपल्याच वर्गातल्या प्रकाश हेगडे या मुलाला पळवलं. कॉलेजच्या मागेच त्याच्या वडिलांचं हॉटेल होतं. 'मी घर सोडून जातोय' अशी चिठ्ठी त्याच्याच हातून लिहून घेतली, त्याचा खून केला, आणि मृतदेह लोखंडी पिंपात घालून सारसबागेलगतच्या पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवला. नंतर वडिलांकडे खंडणी मागितली.

त्यानंतर ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघं. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण, त्यात वृद्ध आजी-आजोबा, तरुण नातवंडं आणि घरकाम करणाऱ्या बाई. मार्च १९७७ मध्ये अनिल गोखले. एकूण दहा माणसं गेली. सगळं पुण्याच्या कॉलेजांच्या परिसरात, जिथे आपल्या कोकणातली मुलं तेव्हाही शिकायला जात होती आणि आजही जातात.

मी तेव्हा सात वर्षांचा होतो. जोशी, अभ्यंकर, गोखले ही आडनावं गुहागरात प्रत्येक आळीत. पुण्याहून आलेले काका सांगायचे की संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडतात. आमच्या घराला तोवर रात्री कडी लावायची सवय नव्हती. त्या वर्षी ती लागली.

खटला उभा राहिला, सप्टेंबर १९७८ मध्ये निकाल लागला, उच्च न्यायालयानं फाशी कायम केली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. पुढे नाना पाटेकरांचा 'माफीचा साक्षीदार' सिनेमा आला, म्हणून अनेकांना हे प्रकरण ठाऊक असतं.

तेव्हा विज्ञानाच्या हातात काय होतं

आरोपी हुशार होते. पोलिसांच्या कुत्र्यांना माग लागू नये म्हणून ते घरात अत्तर शिंपडत. ठसे होतेच उपयोगाचे, कारण बोटांच्या ठशांचं शास्त्र आपल्याकडे जुनं आहे. १८९७ साली कलकत्त्यात जगातला पहिला ठसे विभाग सुरू झाला होता. पण ठशांची जुळवणी करायला आधी संशयित लागतो.

आणि रक्त? रक्ताचा डाग मिळाला तर तो माणसाचा की जनावराचा हे सांगता यायचं, आणि रक्तगट कळायचा. ए, बी, एबी, ओ. म्हणजे अख्ख्या पुण्याचे चार ढीग करायचे आणि सांगायचं की खुनी या ढिगात आहे. 'ओ' गटाचा डाग निघाला तर त्या ढिगात लाखो माणसं. रक्तगटानं एखाद्याला सोडता यायचं, धरता मात्र येत नव्हतं.

मग गुन्हा उघडकीला कसा आला? अनिल गोखलेचा मृतदेह शिडीला बांधून मुळा-मुठेत टाकला होता, तो येरवड्याजवळ वर आला. त्याला बांधलेली नायलॉनची दोरी आणि तिच्या गाठी आधीच्या खुनांशी जुळत होत्या. पोलिसांनी मुलांचे जबाब घेतले, त्यात विसंगती निघाल्या, आणि शेवटी त्यांच्यातलाच सुहास चांडक बोलला. तो माफीचा साक्षीदार झाला.

आता प्रकाश हेगडेचा विचार करा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, म्हणजे चौदा महिने, तो कागदोपत्री घरातून निघून गेलेला मुलगा होता. मृतदेह शहराच्या मधोमध तळ्यात होता. कुणी बोललंच नसतं तर? पिंप कधीतरी गंजून फुटलं असतं, गाळ काढताना हाडं निघाली असती, पंचनामा झाला असता, 'अनोळखी पुरुष जातीचे प्रेत' अशी नोंद होऊन प्रकरण मिटलं असतं.

वर्षानुवर्षं न उलगडलेल्या खुनांना इंग्रजीत 'कोल्ड केस' म्हणतात. आपल्याला वाटतं की अशा प्रकरणात खुनी सापडलेला नसतो. बऱ्याचदा त्याच्याही आधीचा प्रश्न सुटलेला नसतो. मेलेला माणूस कोण, हेच ठाऊक नसतं. मयताला नाव नसेल तर त्याचा शत्रू कोण, शेवटचा कुणाबरोबर दिसला, हे विचारणार कुणाला?

माझ्या हातून राहून गेलेली गोष्ट

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एमबीबीएस झाल्यावर बाँडची नोकरी कोकणातल्याच एका किनाऱ्यावरच्या तालुक्यात केली. नाव सांगत नाही. दुसऱ्या वर्षाला फॉरेन्सिक मेडिसिन शिकलो होतो, रेड्डींचं पुस्तक तोंडपाठ होतं, पण स्वतःच्या हातानं शवविच्छेदन केलेलं नव्हतं. रुग्णालयामागे पत्र्याची खोली, सिमेंटचा ओटा, पाण्याची एक बादली, आणि माझ्यापेक्षा दसपट अनुभव असलेला मदतनीस.

ऑगस्टमध्ये खाडीच्या तोंडाशी मच्छिमारांना एक मृतदेह मिळाला. पंचवीस-तीस वर्षांचा पुरुष असावा. पाण्यात आठवडाभर तरी असावा. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. मी उंची लिहिली, शर्टाचा रंग लिहिला, दंडावरचा काळा दोरा लिहिला. व्हिसेरा मिठाच्या पाण्यात राखून ठेवला. मृत्यूचं कारण 'राखीव' लिहिलं. तासाभरात सगळं संपवून बाहेर आलो आणि दोनदा आंघोळ केली. तीन दिवस कुणी आलं नाही. ग्रामपंचायतीनं खाडीकाठी दफन केलं. काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला, विष नाही.

दोन-अडीच वर्षांनी मी एमडी करत असताना वसतिगृहावर एक जोडपं मला शोधत आलं. घाटावरचे शेतकरी. पोस्टमॉर्टेमच्या कागदावरून माझं नाव मिळालं होतं. मुलगा बोटीवर कामाला म्हणून कोकणात उतरला होता, तो परत आलाच नाही. आईनं पदरातून फोटो काढला. मुलगा हसत होता. "हा बघा डॉक्टरसाहेब, ह्याचा हा पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला होता. तुम्ही बघितला असेल."

मी बघितला नव्हता. म्हणजे तोंड उघडून पाहिलं होतं, पण दातांची नोंद केली नव्हती. एकही दात काढून ठेवला नव्हता. हाडाचा तुकडा नव्हता, फोटो नव्हता, आणि दफनाची नेमकी जागाही पुढे दोन पावसाळ्यांत कुणाला सांगता येईना. तो त्यांचा मुलगा होता असंही मी म्हणू शकलो नाही आणि नव्हता असंही नाही. तो बुडाला, की कुणी मारून टाकला, हा प्रश्न तर त्यांनी विचारलाच नाही. तिथपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

एक दात काढून कागदाच्या पाकिटात ठेवायला मला पाच मिनिटं लागली असती.

डीएनए म्हणजे नेमकं काय बघतात

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच प्रत असते. चार अक्षरांत लिहिलेला सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर. तुमचा आणि माझा मजकूर ९९ टक्क्यांहून जास्त सारखाच असतो. पण काही ठिकाणी एक छोटा शब्द पुन्हा पुन्हा येतो. माझ्यात तो एका जागी आठ वेळा येत असेल, तुमच्यात अकरा वेळा. प्रत्येक जागी एक आकडा आईकडून येतो, एक वडिलांकडून. अशा वीसेक जागा मोजल्या की जे आकडे मिळतात ते एकसारख्या जुळ्यांखेरीज दुसऱ्या कुणाशी जुळण्याची शक्यता नगण्य असते. यालाच डीएनए प्रोफाइल म्हणतात.

मयताला नाव देण्यासाठी तर हे फारच उपयोगी. आई-वडिलांचे आकडे घेतले की मृतदेहाचा प्रत्येक जोडीतला एक आकडा आईशी आणि एक वडिलांशी जुळला पाहिजे. हाडं फारच जुनी किंवा जळालेली असतील तर मायटोकाँड्रियातला डीएनए बघतात. तो फक्त आईकडून येतो आणि एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून टिकून राहण्याची शक्यता जास्त.

हे तंत्र १९८४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना सापडलं. त्याचा खुनाच्या तपासातला पहिला उपयोगही त्याच परिसरात झाला. विद्यापीठापासून दहाएक किलोमीटरवरच्या गावात १९८३ आणि १९८६ साली पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले होते. एका सतरा वर्षांच्या मुलानं दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. जेफ्रीजनी तपासलं तेव्हा कळलं की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. या तंत्रानं खुनाच्या प्रकरणात आधी निर्दोषाला सोडवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मग आसपासच्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले. खऱ्या गुन्हेगारानं, कॉलिन पिचफोर्कनं, आपल्या जागी सहकाऱ्याला पाठवलं. तो सहकारी दारूच्या गुत्त्यात बोलून गेला, ते कुणीतरी ऐकलं आणि पोलिसांना सांगितलं. जानेवारी १९८८ मध्ये पिचफोर्कला जन्मठेप झाली. माणसाची जीभ सुटल्याशिवाय तिथेही भागलं नाही, अगदी पुण्यासारखंच.

पण माझ्या दृष्टीनं या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस वेगळाच आहे. १९८३ साली पहिल्या मुलीच्या अंगावरचा नमुना ज्यानं नीट घेतला आणि ज्यानं तो तीन वर्षं जपला, तो. त्याला त्या दिवशी ठाऊक नव्हतं की पुढच्या वर्षी असं काही तंत्र निघणार आहे. त्यानं फक्त आपलं काम नीट केलं.

कॅलिफोर्नियातली गोष्ट याहून बोलकी आहे. १९७० आणि ८० च्या दशकात तिथे एकाच माणसानं तेरा खून आणि कितीतरी बलात्कार केले. तो सापडला २०१८ मध्ये, म्हातारा झाल्यावर. माजी पोलीस निघाला, जोसेफ डीअँजेलो. १९८० साली व्हेंच्युरा इथे झालेल्या एका दांपत्याच्या खुनातल्या नमुन्यावरून, वंशावळीच्या संकेतस्थळांवर दूरचे चुलत नातेवाईक शोधत शोधत तपास त्याच्यापर्यंत पोचला. हा नमुना अडतीस वर्षं शिल्लक का होता? कारण तिथल्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना नमुन्यांचा एक जादा संच करून फ्रीजरमध्ये ठेवायची सवय होती.

पेणची गोष्ट

कुणी म्हणेल, हे इंग्लंड-अमेरिकेचं झालं. मग आपल्याच रायगड जिल्ह्याकडे या. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यात गागोद्याच्या परिसरात गावकऱ्यांना जळालेला, कुजलेला मृतदेह मिळाला. काही हाडं तपासणीसाठी मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेली, बाकीचे अवशेष तिथेच पुरले. खुनाचा गुन्हा दाखल झाला नाही. नाव नाही, गुन्हा नाही, तपास नाही. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, दुसऱ्याच प्रकरणात पकडलेला एक माणूस बोलला आणि अवशेष पुन्हा उकरले गेले. मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीला लागून कलिन्याला राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, तिथे डीएनए तपासला गेला. ते अवशेष शीना बोराचे आहेत असं तपास यंत्रणांनी सांगितलं. पुढचं सगळ्या देशाला माहीत आहे. आरोपींना आरोप मान्य नाहीत आणि खटला चालू आहे, म्हणून खून कुणी केला यावर मी बोलणार नाही.

मला बोलायचंय ते त्या तीन वर्षांबद्दल. हाडं तीच, प्रयोगशाळा तीच, तंत्रही तेच. २०१२ मध्येही ते सगळं उपलब्ध होतं. तेव्हाच प्रोफाइल करून ठेवलं असतं, आणि हरवलेल्या माणसांच्या नातेवाइकांशी ते ताडून बघायची काही सोय असती, तर कुणाच्या बोलण्याची वाट बघावी लागली नसती. आणि २०२४ मध्ये, खटला ऐन भरात असताना, ती २०१२ ची हाडं सापडत नाहीत असं न्यायालयाला सांगण्यात आलं. काही आठवड्यांनी ती सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात मिळाली.

तंत्र कितीही भारी असो, नमुना नीट हवा

नातीला वाटलं तसा डीएनए हा मंत्र नाही. प्रियदर्शिनी मट्टू ही दिल्ली विद्यापीठात कायदा शिकणारी मुलगी होती. १९९६ मध्ये तिचा खून झाला. डीएनए अहवाल असूनही नमुन्यांच्या हाताळणीवर शंका घेतली गेली आणि १९९९ मध्ये आरोपी सुटला. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं तोच पुरावा ग्राह्य धरून त्याला दोषी ठरवलं, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप दिली. मधल्या वर्षांत तिच्या वडिलांनी न्यायालयाच्या किती पायऱ्या चढल्या असतील!

उलटही होतं. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका दुहेरी खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला निर्दोष सोडलं. डीएनए नमुने कुणी, केव्हा, कसे नेले याचा भरवशाचा हिशेबच नव्हता. त्या निकालात न्यायालयानं सगळ्या देशासाठी सूचना दिल्या. नमुन्यावर पूर्ण नोंद आणि डॉक्टरची सही हवी, तो ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, परवानगीशिवाय उघडता कामा नये, आणि नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची नोंदवही हवी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक होत आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. उत्तम झालं. पण एक फट राहते. आपल्या किनाऱ्याला लागलेला अनोळखी मृतदेह 'गुन्हा' म्हणून येतच नाही. तो 'आकस्मिक मृत्यू' म्हणून येतो. तिथे तज्ज्ञ येत नाही. तिथे असतो एक हवालदार, दोन पंच, आणि बाँडवरचा तेवीस-चोवीस वर्षांचा डॉक्टर.

म्हणून माझं म्हणणं

प्रत्येक अनोळखी मृतदेहाच्या शवविच्छेदनात पुढच्या गोष्टी सक्तीच्या कराव्यात. संशय असो वा नसो.

एक, दातांची नोंद आणि दोन चांगल्या दाढा राखून ठेवणं. दाताचं कवच शरीरातलं सगळ्यात कठीण. आतला गर समुद्राच्या पाण्यातही बराच काळ वाचतो.

दोन, मांडीच्या हाडाचा छोटा तुकडा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला फॉर्मॅलिन चांगलं, पण डीएनएची ते वाट लावतं. ही चूक आजही होते.

तीन, कपडे आणि दोरी सावलीत वाळवून कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा सडतो. आणि दोरीची गाठ सोडू नये. गाठीपासून लांब कापावी. पुण्याच्या प्रकरणात गाठीच बोलल्या होत्या.

चार, पाण्यातून काढलेला मृतदेह असेल तर त्याच जागचं पाणी बाटलीत भरून पाठवणं. पाण्यात डायटम नावाची वाळूसारख्या कवचाची सूक्ष्म शेवाळं असतात. जिवंत माणूस बुडाला तर पाणी फुप्फुसात जातं आणि धडधडतं हृदय हे डायटम थेट हाडातल्या मगजापर्यंत नेतं. मारून टाकलेल्याचं हृदय बंद असतं. ही चाचणी अचूक आहे असं मी म्हणणार नाही, पण गळ्यातल्या हायॉइड हाडाच्या तपासणीबरोबर तिचा आधार होतो.

पाच, फोटो, दफनाच्या जागेची पक्की नोंद, आणि अशा मृतदेहांना दहन न करता दफनच करणं.

आणि या सगळ्याचा उपयोग व्हायचा तर जुळवणीची सोय हवी. २०१९ च्या डीएनए विधेयकात हरवलेल्या माणसांसाठी आणि अनोळखी मृतदेहांसाठी वेगळ्या सूची होत्या. ते विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. सरकारकडे सगळ्यांच्या डीएनएचा साठा असणं धोक्याचं आहे, ही टीका मला पटते. पण संशयितांची सूची वेगळी आणि हरवलेल्यांची वेगळी. ज्या आईनं स्वतःहून गालाच्या आतला बोळा दिला आहे, तो फक्त अनोळखी मृतदेहांशीच ताडायचा, दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, आणि माणूस सापडला की नष्ट करायचा, एवढा छोटा कायदा करायला काय हरकत आहे? मोठ्या कायद्याच्या वादात तो अडकून राहिला आहे.

माझे काही डॉक्टर मित्र म्हणतात, तालुक्याला आधीच माणसं कमी, शवागारात बर्फ नाही, त्यात हे कुठे? त्यांचं खरं आहे. म्हणूनच मी प्रयोगशाळा मागत नाही. मी पाकीट, लाख, नोंदवही आणि एक कपाट मागतोय. तपासणी आज नाही झाली तर दहा वर्षांनी होईल. पण ठेवलंच नाही तर कधीच होणार नाही.

तुम्ही काय करू शकता

घरातलं माणूस बेपत्ता झालं तर चोवीस तास थांबायचा काहीही नियम नाही. लगेच, जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार द्या. फोटो देताना पासपोर्टचा गंभीर फोटो देऊ नका, हसरा द्या. त्यात दात दिसतात. दातांचे किंवा हाडांचे जुने एक्स-रे असतील तर त्याची प्रत द्या. हाडात प्लेट किंवा स्क्रू असेल तर तेही सांगा. त्या माणसाचा दात घासायचा ब्रश आणि कंगवा न धुता कागदी पाकिटात ठेवा. किनाऱ्यावर मृतदेह दिसला तर हात लावू नका, फोटो काढून गटांवर फिरवू नका, ११२ ला फोन करा.

त्या मुलीला सर्टिफिकेट दिलं. आजींना सांगितलं, पुणं तेव्हाही वाईट नव्हतं, आताही नाही. जाऊ द्या तिला. मुलीला सांगितलं, मालिका बघ, पण खोली कुणाबरोबर, परत किती वाजता, हे आजीला कळवत जा. ते डीएनएच्या आधी कामाला येतं. ती पुन्हा हसली. पुढचे दोन दात जरा पुढे आलेले आहेत तिचे. आता अशी नजर जातेच माझी.

त्या आई-वडिलांचा पत्ता माझ्याकडे नाही. तेव्हा विचारायचं सुचलं नाही. इथले काही वाचक सरकारी नोकरीत आहेत, काही नुकतेच बाँडवर रुजू झाले आहेत. तुमच्या रुग्णालयामागे ती पत्र्याची खोली असेल. पुढच्या वेळी किल्ली मागून आत जाल तेव्हा खिशात दोन कागदी पाकिटं घेऊन जा.